कथकांची साखळी आणि भाषांतरकाराची कात्री

हदीसवाङ्मयाचा भाषांतरकार पहिली कात्री लावतो ती कथकांच्या नामावळीला. प्रत्येक हदीसेची दोन अंगे असतात : ‘इस्नाद’, म्हणजे वचन कोणी कोणाकडून ऐकले त्याची साखळी, आणि ‘मतन’, म्हणजे प्रत्यक्ष वचन वा प्रसंग. मुहम्मद मुहसिन खान यांच्या बहुप्रचलित इंग्रजी भाषांतरात मूळ साक्षीदाराचे नाव तेवढे उरले आहे. वाचकाची सोय झाली खरी. परंतु ग्रंथाची प्रकृतीच त्यामुळे पालटली, असे म्हणणे भाग आहे.

अल्-बुखारी (८१०–८७०) यांच्या ‘सहीह’मधील पहिलीच हदीस पाहावी. कर्माचे मोल हेतूवरून ठरविणारे हे वचन बुखारींना हुमैदींकडून लाभले, त्यांना सुफ्यानांकडून, त्यांना याह्या बिन सईद यांच्याकडून. त्यामागे मुहम्मद बिन इब्राहीम, अल्कमा आणि अखेर खलीफा उमर. याह्यांनंतर ते शेकडोंच्या मुखी गेले. त्यांच्यापूर्वी मात्र दर पिढीत एकेकच कथक. ग्रंथारंभीचे वचन असे एकेरी धाग्यावर तोललेले आहे आणि संग्राहकाने ते लपविलेले नाही. भाषांतरात हा धागाच दिसत नाही.

पैगंबर ६३२ मध्ये निवर्तले. पुढील दोन शतकांत स्मरण, टिपणे, झुहरींचे (मृत्यू ७४२) संकलन, मालिकांचा (मृत्यू ७९५) ‘मुवत्ता’ अशी वाटचाल झाली. राजकीय कलहांत आणि पंथभेदांत बनावट वचनांचे पीकही आले. म्हणूनच कथकाची सचोटी, स्मरणशक्ती, गुरुशिष्यांची भेट संभवत होती की नाही, यांची चौकशी सुरू झाली. बुखारींनी सहा लक्ष हदीसांतून निवड केली, असे परंपरा सांगते. ‘सहीह’मध्ये पुनरुक्ती धरून सात हजारांवर आहेत. हा आकडा ऐकून पुष्कळ लोक थक्क होतात, पण येथे मोजदाद साखळ्यांची आहे : एकच वचन दहा वाटांनी आले तर ते दहा ठरते. मुस्लिम (मृत्यू ८७५) तर गुरूने वाचून दाखविले की शिष्याने गुरूसमोर वाचले, हा भेदही क्रियापदावरून जपतात. इतकी सूक्ष्म दृष्टी ‘अमुक म्हणाले’ या दोन शब्दांत कशी मावावी?

साखळ्याच मागाहून रचल्या गेल्या, हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. गोल्डत्सिहर यांनी १८९० मध्ये आणि शाख्त यांनी १९५० मध्ये तो विस्ताराने मांडला. पुढे मोट्स्की यांनी साखळी आणि पाठभेद एकत्र ताडून काही सामग्री शाख्त मानीत त्याहून जुनी असल्याचे दाखविले. शाख्त यांचा निष्कर्ष मला काहीसा सरसकट वाटतो. तथापि खंडन असो वा मंडन, पुरावा नामावळीतूनच निघतो.

ही नावे ताडून पाहण्याचे साधन आपल्याच देशात छापले गेले आहे. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या दाइरतुल् मआरिफने इब्न हजर यांचा ‘तहझीब अल्-तहझीब’ हा कथकांचा चरित्रकोश १२ खंडांत प्रसिद्ध केला. भारतीय भाषांत उतरणाऱ्या हदीससंग्रहांनी, बारीक टायपात का होईना, पूर्ण साखळी छापावी. पाने वाढतील, ती वाढू द्यावीत.