पार केलेल्या टप्प्याकडे पुन्हा : व्हिडिओ गेममधील पुनर्भेटीच्या आस्वादाचा विचार

प्रास्ताविक :

आवडलेली कादंबरी दुसऱ्यांदा वाचणाऱ्या वाचकाला कोणी जाब विचारीत नाही. तोच राग वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या श्रोत्याला तर आपण रसिक म्हणतो. मात्र एखादा विद्यार्थी व्हिडिओ गेममधील एकदा पार केलेला टप्पा, म्हणजे खेळाडूंच्या भाषेतील 'लेव्हल', पुन्हा खेळताना दिसला की 'वेळ वाया घालवणे' असे त्याचे वर्णन होते. जिंकून झालेल्या ठिकाणी परत जाण्यात आनंद कोणता, असा प्रश्न त्यामागे असतो. प्रश्न योग्य आहे. परंतु त्याचे उत्तर गृहीत धरले जाते, तपासले जात नाही. प्रस्तुत लेखात ते मराठी वाचकाला परिचित असलेल्या साहित्यशास्त्रीय संकल्पनांच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

मार्च २०२० मध्ये मुंबईतील भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोटसेवा सुरू झाली. सुमारे तासाभराच्या या प्रवासात तरुण प्रवाशांच्या हातातील मोबाईलचे पडदे सहज दृष्टीस पडतात. त्यांपैकी काही जण नव्या टप्प्यावर नसून मागच्या, केव्हाच पार केलेल्या टप्प्यावर असतात. मांडवा जेट्टीवर अशा काही विद्यार्थ्यांशी या विषयावर बोलणे झाले, तेव्हा उत्तरे दोनच प्रकारची मिळाली. काहींनी सांगितले की तिथे खेळायला छान वाटते. इतरांचे म्हणणे असे की तिथले दोन स्टार मिळवायचे राहिले आहेत. वरवर पाहता कृती एकच. पण ही दोन उत्तरे एकमेकांपासून फार दूरची आहेत, आणि प्रस्तुत विवेचनाचा रोख त्या अंतरावर आहे.

सक्तीची पुनर्भेट :

पार केलेल्या टप्प्याकडे परतणे हा नेहमीच खेळाडूच्या निवडीचा भाग नव्हता. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडून खेळायचे जे स्वस्त संच आले, त्यांच्या कॅसेटमधील बहुतेक खेळांत प्रगती साठवून ठेवण्याची सोय नव्हती. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) किंवा 'काँट्रा' यांसारख्या खेळात चौथ्या टप्प्यावर सर्व जीव संपले आणि खेळ तिथून पुढे नेण्याची संधीही उरली नाही की पहिल्यापासून आरंभ. 'काँट्रा'चे आठही टप्पे जिंकल्यावरसुद्धा खेळ पुन्हा पहिल्या टप्प्यावरच आणून सोडत असे. त्या कॅसेटवर हजारो खेळ असल्याचा दावा असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ यादीत पुनःपुन्हा येत आणि कधी एखादी नोंद त्याच खेळाच्या पुढच्या टप्प्यावरून सुरू होई. ती फसवणूक होती हे खरे, पण त्या नोंदीचे मुलांना अप्रूप वाटे, हेही तितकेच खरे.

या पिढीला 'मारिओ'चा पहिला टप्पा हाताला पाठ झाला. कोणत्या विटेवर उडी मारायची, कोणत्या नळात उतरायचे, हे डोळ्यांआधी बोटांना कळे. त्यात सक्ती होती, तरी कंटाळा आल्याचे फारसे कोणी सांगत नाही. गवयाच्या रियाजाशी त्याची तुलना करता येईल : पलटे रोज तेच असतात, त्यांतील सफाई मात्र रोज थोडी वाढते. पुढे 'द लेजेंड ऑफ झेल्डा' (१९८६) सारख्या खेळांनी कॅसेटमध्ये बॅटरी बसवून प्रगती साठवण्याची सोय आणली. ती सार्वत्रिक झाली तेव्हा मागे जाणे ऐच्छिक ठरले आणि 'त्यात आनंद आहे काय' हा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित झाला.

सक्तीच्या परतीचे आपल्याकडील जुने उदाहरण म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. उपलब्ध पट बऱ्याच नंतरच्या काळातील आहेत. कोपनहेगन विद्यापीठातील जेकब श्मिट-मॅडसेन यांनी २०१९ च्या आपल्या प्रबंधात पश्चिम भारतातील या पटांचा सविस्तर अभ्यास केला आहे. मोक्षपटात साप खेळाडूला ओलांडलेल्या घरांकडे परत पाठवतो. ती घरे त्याला पुन्हा चालावी लागतात, आणि घरांवर सद्गुण-दुर्गुणांची नावे असल्यामुळे पुन्हा वाचावीही लागतात. येथे परत येणे म्हणजे दंड आणि उजळणी एकाच वेळी. आनंदाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही, कारण फासा खेळाडूच्या इच्छेला विचारीत नाही.

विघ्न आणि चर्वणा :

अभ्यासक येस्पर यूल यांनी 'हाफ-रिअल' (२००५) या ग्रंथात खेळांचे दोन रचनाप्रकार मानले आहेत. बुद्धिबळासारख्या खेळात मोजक्या नियमांतून असंख्य डाव उद्भवतात. दुसऱ्या प्रकारात खेळाडू निर्मात्याने आखून ठेवलेल्या आव्हानांची मालिका क्रमाने पार करतो. दुसऱ्या प्रकारचे खेळ एकदा संपले की पुन्हा खेळण्याजोगे फारसे उरत नाहीत, असा या विभागणीचा सर्वसाधारण निष्कर्ष निघतो. 'बीजीएमआय'मध्ये शंभर खेळाडू त्याच एरांगेल बेटावर रोज उतरतात आणि कोणालाही ते जुने वाटत नाही, याचे स्पष्टीकरण पहिल्या प्रकारात मिळते. तिथे पार करण्याजोगा टप्पाच नसल्यामुळे तो आपला विषय नव्हे. मात्र दुसऱ्या प्रकाराविषयीचा निष्कर्ष मला अपुरा वाटतो. आव्हानाचे उत्तर सापडले म्हणजे अनुभव संपला, असे तो मानतो.

अभिनवगुप्तांनी रसास्वादातील जी विघ्ने सांगितली आहेत, त्यांत प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असणे हे एक आहे. व्हिडिओ गेम प्रथमच खेळणारा खेळाडू नेमका याच विघ्नात सापडलेला असतो. आपला जीव जाईल, इतक्या वेळचे श्रम वाया जातील, ही धास्ती त्याचीच असते. ती पात्राची नसते. अशा अवस्थेत तो टप्प्यातील पार्श्वसंगीत ऐकत नाही, दूरच्या डोंगराचा रंग पाहत नाही, शत्रूंच्या हालचालींतील लय त्याच्या ध्यानात येत नाही. त्याला फक्त पलीकडे जायचे असते. दुसऱ्या फेरीत ही धास्ती ओसरते आणि ज्याला चर्वणा म्हणतात ती शक्य होते. या अर्थी पहिली खेळी म्हणजे आस्वादाची पूर्वतयारी होय. मर्ढेकरांनी लयीच्या विचारात संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे मांडली. चांगल्या टप्प्यातील शांत वाट, अचानक येणारी अडचण आणि पुढची विश्रांती यांची जुळणी या तत्त्वांनी उकलून दाखवता येते, पण ती दिसायला टप्पा किमान दोनदा खेळावा लागतो.

येथे एक आक्षेप संभवतो. धास्ती पूर्णपणे नाहीशी झाली तर खेळ उरेल काय? उरणार नाही. सर्व शस्त्रे मिळवून आरंभीच्या टप्प्यावर गेलेल्या खेळाडूला घटकाभर गंमत वाटते आणि मग तो उठून जातो. म्हणून थोडा प्रतिकार शिल्लक असावा लागतो. निर्मात्याने तो ठेवला नसेल तर खेळाडू स्वतः निर्माण करतो. कमीत कमी वेळात खेळ संपवण्याची शर्यत हे त्याचे उत्तम उदाहरण. १९९७ मध्ये 'क्वेक' हा संपूर्ण खेळ अतिवेगाने पार केल्याचे ध्वनिचित्रण 'क्वेक डन क्विक' या नावाने प्रसृत झाले, तेव्हापासून या शर्यतीला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला आहे. राक्षसांची भीती संपल्यावर या खेळाडूंनी घड्याळाची भीती आणली. तीच वाट शेकडो वेळा चालणाऱ्या या मंडळींना कंटाळ्याविषयी विचारणे म्हणजे तबलजीला तीनतालाच्या सोळाच मात्रा का, असे विचारणे.

जागा बदलते की खेळाडू :

'सुपर मारिओ ६४' (१९९६) मध्ये पंधरा मुख्य ठिकाणे असून प्रत्येक ठिकाणी सात तारे आहेत. बहुतेक तारे हाती आले की खेळाडू किल्ल्यात परत फेकला जातो आणि पुढच्या ताऱ्यासाठी त्याच चित्रातून त्याच डोंगरावर उतरतो. डोंगर तोच, हेतू निराळा. पहिल्या वेळी शिखर गाठायचे होते, नंतर तेथील कानाकोपरा शोधायचा असतो. 'कॅसलव्हेनिया : सिम्फनी ऑफ द नाइट' (१९९७) मध्ये खेळाडूला नवे सामर्थ्य मिळते आणि पूर्वी अडवणारी उंची आता वाट होते, उत्तरार्धात तर संपूर्ण किल्लाच उलटा होऊन समोर येतो. 'हेलो' (२००१) या खेळाचा उत्तरार्धही बराचसा पूर्वार्धातील ठिकाणांतून उलट्या दिशेने जातो. त्याला काहींनी आळशीपणा म्हटले. माझ्या मते तेथे कथा खेळाडूची बाजू राखते, कारण मधल्या काळात नवा शत्रू आलेला असतो आणि जुनी रणभूमी वेगळ्या भीतीने भरलेली असते. 'डेव्हिल मे क्राय ४' (२००८) बद्दल मात्र असे म्हणवत नाही. त्यात दुसरा नायक पहिल्याच्याच वाटेने मागे जातो आणि ही परत निर्मितीचा खर्च वाचवण्यासाठी आहे, ही शंका मनातून जात नाही.

परतीच्या या प्रश्नात मांडव्याचे नाव मराठी वाचकाला चित्रपटामुळेही आठवेल. मुकुल आनंद दिग्दर्शित 'अग्निपथ' (१९९०) चा नायक गमावलेल्या मांडव्याकडे परतण्यासाठी जगतो. २०१२ मध्ये करण मल्होत्रा यांनी हीच कथा पुन्हा चित्रित केली, तेव्हा मांडवा दीव येथे उभारला गेला, कृष्णन अय्यर हे पात्र गाळले गेले आणि रौफ लाला हे नवे आले. शेवट ठाऊक असलेले प्रेक्षकही तो पाहावयास गेले. त्यांचे लक्ष 'काय घडते' यावरून 'कसे घडते' याकडे वळलेले होते. तथापि प्रेक्षकाच्या हाती काही नसते. खेळाडू मात्र कर्ताही असतो. त्यामुळे टप्प्याकडे परतणाऱ्या खेळाडूचे साम्य श्रोत्यापेक्षा कीर्तनकाराशी अधिक आहे. आख्यान तेच असते. आज ते आपल्याकडून कसे वठते, हा प्रश्न प्रत्येक वेळी खुला असतो.

स्टार आणि वेठ :

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. 'अँग्री बर्ड्स' (२००९) ने प्रत्येक टप्प्याला तीन स्टार देण्याची पद्धत घराघरांत पोहोचवली. एका स्टारवर टप्पा पार होतो, पण पडद्यावर दोन रिकाम्या जागा दिसत राहतात. सुरुवातीला या रिकाम्या जागा खेळाडूला अधिक नेटका कोन, अधिक कमी पक्ष्यांत साधणारा उपाय शोधायला लावतात. हे इष्टच आहे. परंतु मोबाईलवरील पुढच्या अनेक खेळांनी यातील शोध काढून हिशेब तेवढा ठेवला : रोज हजेरी लावा, तोच टप्पा दहा वेळा पार करा, नाणी गोळा करा, अन्यथा पैसे मोजून ती विकत घ्या. येथे पुनर्भेटीचे वेठीत रूपांतर होते. खेळाडूचा अंगठा चालू असतो आणि मन अन्यत्र. या ठिकाणी पालक-शिक्षकांची तक्रार रास्त आहे; पण ती परत जाण्याविषयी नसून त्या परतीला लावलेल्या भाड्याविषयी असावयास हवी. विद्यार्थी पुन्हा तोच टप्पा का खेळतो, हे न विचारता त्याला हटकणारा शिक्षक या दोहोंना एकाच मापाने मोजतो.

पुण्याशी निगडित दोन उदाहरणे :

'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' (२००३) या खेळात राजपुत्राला काळ काही क्षण मागे फिरवता येतो, चुकलेली उडी पुसून पुन्हा मारता येते. या खेळाच्या नव्या आवृत्तीचे काम युबीसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे असल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले आणि मे २०२२ मध्ये ते मॉन्ट्रियलकडे वळवण्यात आले. पहिली झलक दिसताच झालेली टीका मुख्यतः चित्रणावर होती. सतरा वर्षांपूर्वी पार केलेला महाल खेळाडूंच्या स्मृतीत किती तपशिलाने जपलेला होता, हे त्या टीकेवरून कळते.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' (२०२०) हा खेळ या विवेचनाची चांगली कसोटी ठरतो. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील स्वतंत्र निर्मितीसाठी त्याला नामांकन मिळाले होते. डोंबाऱ्याचे खेळ करणारी राजी दैत्यांनी पळवलेल्या भावाचा, गोलूचा शोध घेते, आणि दुर्गा व विष्णू तिची कथा सांगतात. रचना मुख्यतः सरळ रेषेतील असल्याने, यूल यांच्या हिशेबाने तो एकदाच खेळण्याचा खेळ. दुसऱ्या फेरीत त्यातील लढाया खरोखरच निस्तेज वाटतात, कारण शत्रूंच्या चाली थोडक्या आहेत आणि त्यांची उकल पहिल्याच वेळी झालेली असते. वाटेत लागणाऱ्या भित्तिचित्रांबाबत मात्र उलट घडते. पहिल्या वेळी खेळाडू गोलूच्या काळजीने त्यांच्यावरून झरझर पुढे जातो. दुसऱ्या वेळी तो तेथे थांबतो, चित्रातील कथा शेवटपर्यंत ऐकून घेतो, आणि पुढच्या चौकातील लढाई तोवर खोळंबून राहते.