अंधार, डोळा आणि ‘हॅम्लेट’मधील भूत

गो. ग. आगरकरांनी १८८३ साली शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले. हे शीर्षक आम्हांस त्यातील भुतालाही लागू पडणारे वाटते.

ग्लोब नाट्यगृहात प्रयोग दिवसाउजेडी, उघड्या आकाशाखाली होत. त्यामुळे एल्सिनोरच्या तटावरील मध्यरात्र शब्दांनीच उभी करावी लागे. म्हणून पहारेकरी आरंभीच एकमेकांना आवाजावरून ओळखतात. थंडीने आणि भयाने ते गारठलेले असतात. ही भुताची पूर्वतयारीच होय. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूत नसतात. त्यामुळे काळोखात नजरेच्या कडेला जाणवलेली अंधुक आकृती रोखून पाहताच नाहीशी होते आणि तिचे उरलेले रूप मन आपल्या भीतीने वा शोकाने भरून काढते.

तथापि एवढ्या उलगड्याने नाटक संपत नाही. साशंक होरेशिओलाही भूत दिसते; राणीच्या महालात मात्र ते हॅम्लेटला दिसते, राणीला नाही. नाटककार निवाडा देत नाही. परंतु भुताच्या शब्दावर विसंबून हॅम्लेट लगेच शस्त्र उचलत नाही. राजापुढे नाटक करवून तो आरोप पडताळून पाहतो.

आमच्या मते वाचकाने घ्यावे ते हेच. केवळ संशयावरून निराधार बाईला चेटकीण ठरवण्याचे प्रकार आपल्या देशात आजही घडतात. डोळे फसले तर ते क्षम्य आहे. पण शहानिशा न करता कोणाला दोषी ठरवणे हे पाप आहे.