गेटबाहेरून लिहिलेली बातमी

८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यातल्या एका शेडला आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तिथं बनत. कामाला बहुतेक बायकाच होत्या. सहा जणी त्याच दिवशी गेल्या. पुढच्या दिवसांत रुग्णालयात एकेक जीव जात राहिला आणि मृतांचा आकडा दहाच्या वर पोचला. पहिल्या दिवशी वाहिन्यांचे बूम होते, नेत्यांच्या भेटी होत्या, मदतीच्या घोषणा होत्या. मग रुग्णालयातले मृत्यू आतल्या पानावर सरकत गेले.

खरी बातमी तिथून सुरू व्हायला हवी होती. अशा धोक्याच्या कामाची शेड कुणाच्या डोळ्यांदेखत चालली होती? महापालिका, अग्निशमन विभाग, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांपैकी कुणी आधी तिथं पाऊल ठेवलं होतं का? त्या बायकांची नावं कुठल्या हजेरीपटावर होती का, ईएसआयचं कार्ड तरी होतं का? काही वार्ताहरांनी हे प्रश्न नेटानं विचारले, त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण एखाद्या प्रश्नावरून लोकमत तयार व्हायचं तर तो प्रश्न महिनोन् महिने वाचकासमोर राहावा लागतो. आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या पत्रकारितेत नेमकी हीच चिकाटी आटत चालली आहे. माध्यमांच्या उत्तरदायित्वावर बोलताना आपण खोट्या बातम्या आणि आरडाओरडीच्या चर्चांपाशी थांबतो. मला त्याहून जास्त काळजी वाटते ती अर्धवट सोडलेल्या बातमीची.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा वृत्तपत्रांना काही नवा नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग आकुर्डीला बजाज, पिंपरी-चिंचवडला टेल्को. १९८२ मध्ये महापालिका झाली. पुढं चाकणला बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि त्यांच्यामागं सुटे भाग बनवणाऱ्या असंख्य व्हेंडर कंपन्या आल्या. एवढ्या लाखो कामगारांच्या मुलखात रोज छापून काय येतं? महापालिकेचं राजकारण, गुन्हे, वाहतूक कोंडी, पाणीकपात आणि नेत्यांचे वाढदिवस. १५ ऑगस्ट २०१८ ला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाल्यापासून गुन्हेगारीची पानं आणखी भरली. पोलिसांची प्रेस नोट रोज तयार मिळते. कामगारांच्या बाजूनं अशी नोट कुणी पाठवत नाही.

ज्या खेड तालुक्यात आज चाकण एमआयडीसी आहे, त्याच तालुक्यातलं कन्हेरसर हे नारायण मेघाजी लोखंड्यांचं मूळ गाव. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' काढला, तो १८८० मध्ये लोखंड्यांनी मुंबईत नेला आणि गिरणी कामगारांचे कामाचे तास, दंड, सुट्टीचा अभाव हे विषय छापायला सुरुवात केली. १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, त्यामागं सभा आणि अर्ज होते तसं हे लिखाणही होतं. म्हणजे कामगाराची बाजू मांडणारी मराठी पत्रकारिता आपल्याला परकी नाही. तिचा एक धागा तर याच तालुक्यात पोचतो.

सप्टेंबर १९८९ मध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यापुढं उपोषणाला बसले आणि महिनाअखेरीस पोलिसांनी त्यांना उचलून नेलं, तेव्हा त्या लढ्याच्या दोन्ही बाजूंवर पुण्यातल्या घराघरांत वाद झाले. नायर यांची पद्धत अनेकांना पटली नव्हती, तसं लिहिलंही गेलं. पण कामगार संघटना म्हणजे काय, करार कसा होतो, मान्यताप्राप्त युनियन म्हणजे काय, हे सामान्य वाचकाला ठाऊक होतं, कारण बहुतेक मोठ्या दैनिकांत कामगारविश्वाची जाण असलेला एखादा तरी माणूस असे.

२०१३ मध्ये चाकणच्या बजाज प्रकल्पात २५ जूनला काम थांबलं आणि १४ ऑगस्टपर्यंत, सुमारे ५० दिवस, ते थांबून राहिलं. त्या काळातल्या बातम्या आठवून पाहा. मनात राहिलेली गोष्ट एकच: कामगारांनी कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दरानं मागितले. मागणी वेगळी होती, बातमी होणारच. पण रोज किती दुचाकी कमी बनल्या, उत्पादन दुसरीकडं हलवणार का, शेअर बाजारावर काय परिणाम झाला, याच हिशेबानं संप वाचकापर्यंत पोचला. आठ तासांत एका माणसाच्या हातून किती गाड्या जातात, कंत्राटी आणि कायम कामगाराच्या पगारात किती फरक आहे, निलंबनाची प्रकरणं काय आहेत, हे शोधायला जावं लागतं. कंपनीचा आकडा मेलवर येतो. अमुक बाजू खरी होती असं माझं म्हणणं नाही. एका बाजूची माहिती आयती आणि दुसरीची कष्टाची असली की बातमी आयत्या बाजूला कलते. त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

या पट्ट्यातल्या अपघाताची बातमी जवळून वाचली तर हा कल स्पष्ट दिसतो. साचा ठरलेला: काम करत असताना मशिनमध्ये हात अडकून कामगार जखमी, सुपरवायझर किंवा ठेकेदारावर गुन्हा, पुढील तपास उपनिरीक्षक करीत आहेत. कामगाराचं नाव, वय, राहण्याचं ठिकाण, मूळ गाव सगळं छापलेलं. कंपनी मात्र 'एका खासगी कंपनीत', फार तर 'एका नामांकित कंपनीत'. पोलिसांच्या प्राथमिक माहिती अहवालात कंपनीचं नाव असतं. ते वार्ताहराच्या वहीतून छापील ओळीपर्यंत येईतो गळतं. मग तेच मशिन, तीच कंपनी, सहा महिन्यांत तिसरा माणूस, हे वाचकाला कधीच कळत नाही, कारण प्रत्येक अपघात सुटासुटा छापलेला असतो. सेफ इन इंडिया या संस्थेनं 'क्रश्ड' नावाच्या अहवालांतून वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत पॉवर प्रेसवर बोटं गमावणाऱ्या कामगारांची नोंद सातत्यानं केली. हे काम आधी हरियाणात सुरू झालं, मग महाराष्ट्रातही आलं. इथं रोज गुन्ह्यांची पानं भरणाऱ्या आपल्या वृत्तपत्रांकडं त्यासाठी लागणारी कच्ची माहिती वर्षानुवर्षं येत होती. ती कुणी एका जागी मांडली असती तर ते राज्यभर गाजलं असतं.

वार्ताहरावर सगळा दोष टाकणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. तालुक्याच्या गावचा बातमीदार बहुतेकदा पगारी नसतो. मानधन नावापुरतं, उरलेलं जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी, वर्धापनदिन, वाढदिवसाच्या पुरवण्या यांचं टार्गेट त्याच्याच डोक्यावर. ज्या सरपंचाकडं, बिल्डरकडं, ठेकेदाराकडं सकाळी अर्ध्या पानाची जाहिरात मागायची, त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बातमी कशी द्यायची? चाकणमध्ये मनुष्यबळ पुरवणं, भंगार उचलणं, पाण्याचे टँकर लावणं यांचे ठेके ही स्थानिक सत्तेची मुळं आहेत आणि जाहिरातदारही तिथलेच. ज्या कंत्राटी व्यवस्थेवर लिहायचं, तिच्यातच तो स्वतः काम करतो. पत्रकारांच्या पगाराबाबतच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये कायम केल्या, पण गावच्या बातमीदारापर्यंत त्यांचा आधार फारसा पोचलाच नाही.

पैसे देऊन छापून आणलेल्या मजकुराचा धडा महाराष्ट्रानं २००९ च्या विधानसभा निवडणुकीत घेतला. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचे सारखेच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं अहवाल तयार केला, निवडणूक आयोगानं नोटीस काढली, २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ती टिकली नाही. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी आणि बातमी यांच्यातली रेघ आपल्या शहरात आजही पुसट आहे. 'जाहिरात' हा शब्द मजकुराच्या डोक्यावर ठळक छापणं, एवढं तरी कुठलंही दैनिक उद्यापासून करू शकतं.

चांगली पत्रकारिता काय करू शकते, हे याच पट्ट्यानं पाहिलं आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीनं पाणी आणायला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. स्वसंरक्षणासाठी गोळीबार करावा लागला, ही सरकारी मांडणी तिथंच पक्की झाली असती. पण पोलीस उभ्या गाड्यांच्या काचा फोडत असल्याची दृश्यं वाहिन्यांनी दाखवली आणि त्या मांडणीला तडा गेला. धरणाचं पाणी ज्यांच्या नळाला येणार होतं त्या शहरी वाचकालाही आपल्या पाण्याची किंमत तेव्हा दिसली. तरीही २०२३ मध्ये प्रकल्पावरची स्थगिती उठली तेव्हा शहर आवृत्तीत 'पाण्याचा मार्ग मोकळा' आणि मावळात 'पुन्हा संघर्ष' अशा मांडणीनं तो विषय विभागला गेला. स्थानिक आवृत्त्यांचा हा फार मोठा तोटा आहे. तीस किलोमीटरवरच्या माणसाची बाजू आपल्याला वाचायलाच मिळत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीच्या कुदळवाडीत महापालिकेनं चार हजारांच्या आसपास बांधकामं पाडली. ड्रोनमधून टिपलेली दृश्यं फोनाफोनांवर फिरली. भंगार गोदामांना लागणाऱ्या आगी आणि नदीचं प्रदूषण हे प्रश्न खरे होते, रहिवाशांचा राग रास्त होता. पण कारवाईच्या आधीपासून 'बांगलादेशी-रोहिंग्यांचा अड्डा' असं राजकीय भाषणांतून बोललं जात होतं आणि ते बातमीच्या मथळ्यांत पडताळणीशिवाय उतरलं. पाडलेल्यांत लघुउद्योजकांची वर्कशॉप होती, मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारी युनिटं होती, मराठी माणसांचे गाळेही होते. किती जणांकडं वीजजोड आणि मालमत्ता कराच्या पावत्या होत्या, किती जणांवर घुसखोरीचा गुन्हा सिद्ध झाला, हे आधी शोधून मग मथळा द्यायला हवा होता. उंचावरून टिपलेल्या चित्रात माणूस दिसत नाही. तो दाखवायला वार्ताहराला खाली उतरावंच लागतं.

मग माध्यमांवर वचक कुणाचा असावा? १९७८ च्या कायद्यानं चालणारी प्रेस कौन्सिल समज देते, ताकीद देते, निषेध नोंदवते. दंड करत नाही आणि वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. वाहिन्यांची स्वनियमनाची मंडळं त्यांनीच उभारलेली. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की तपास चालू असताना चालवलेला माध्यम खटला न्यायदानात अडथळा आणतो. त्यानंतर मे २०२५ मध्ये भूकुमचं, हुंड्यावरून विवाहितेच्या मृत्यूचं प्रकरण आलं आणि तपास पुरा होण्याआधी स्टुडिओत निकाल देण्याची तीच सवय परत दिसली. त्या वार्तांकनामुळं यंत्रणा हलली, हे मान्य. पण मृत बाईच्या खासगी आयुष्याच्या चिंध्या दाखवल्याशिवाय यंत्रणा हलली नसती, हे मी मानणार नाही. आदल्या वर्षी कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातात ससूनमधल्या रक्तनमुन्याची अदलाबदल उजेडात आली तेव्हा माध्यमं आठवडेच्या आठवडे कागद आणि क्रम मागत राहिली. तोच प्रकार अनुकरणीय आहे.

सरकारच्या हाती हा वचक देणं मात्र धोक्याचं आहे. टाळेबंदीत १४ एप्रिल २०२० ला वांद्रे स्टेशनबाहेर मजुरांची गर्दी झाली आणि विशेष गाड्यांची बातमी दिली म्हणून एबीपी माझाचे राहुल कुलकर्णी यांना अटक झाली. त्यांच्या बातमीमागं रेल्वेचं अंतर्गत पत्र होतं. बातमीच्या मांडणीबद्दल मतभेद असू शकतात, पण तुरुंग हे संपादकीय चुकीचं उत्तर असूच शकत नाही. आणि ज्या राज्यानं पत्रकार संरक्षण कायदा २०१७ मध्ये मंजूर केला, तिथंच फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला रिफायनरीच्या वादावर लिहिणाऱ्या शशिकांत वारिशेंना गाडीखाली चिरडण्यात आलं. गावच्या बातमीदाराला जाब विचारण्याआधी त्याच्या पाठीशी कोण उभं आहे, हे आपण विचारलं पाहिजे.

वाचकाला जाब देण्याची व्यवस्था वृत्तपत्राच्या आतच हवी. 'द हिंदू'नं २००६ मध्ये वाचकांचा संपादक नेमला, चुकीची दुरुस्ती ठरल्या जागी रोज छापायला सुरुवात केली. मराठीत ही पद्धत रुजली नाही. आपल्याकडं खुलासा येतो तो ज्याच्याकडं वकील आहे त्याचा. चुकून संशयित म्हणून फोटो छापला गेलेल्या भाड्याच्या खोलीतल्या पोराचा खुलासा कोण छापणार?

आणि त्या पोराला वाचक तरी कोण मानतं? म्हाळुंगे, कुरुळी, निघोजे, मेदनकरवाडीच्या चाळींत राहणाऱ्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची माणसं आहेत, तशीच बीड, परभणी, यवतमाळची आहेत. त्यांच्यापर्यंत पुणे जिल्ह्याचं वृत्तपत्र क्वचितच पोचतं. त्यांचं जग मोबाईलवरच्या रील आणि गावच्या ग्रुपवर चालतं. मार्च २०२३ मध्ये तमिळनाडूत बिहारी मजुरांना मारहाण होत असल्याचे खोटे व्हिडिओ फिरले, मजूर घाबरून गावी परतू लागले, तिथल्या पोलिसांना हिंदीतून खुलासे द्यावे लागले आणि एका यूट्यूबरला अटक झाली. उद्या असाच व्हिडिओ चाकणच्या नावानं फिरला तर तो खोटा आहे हे त्या खोल्यांमधल्या माणसांना कोण सांगणार? ज्यांचं नाव आपण फक्त अपघाताच्या बातमीत छापलं, त्यांनी त्या दिवशी आपल्यावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? पगाराची स्लिप कशी वाचायची, पीएफ कुठं तपासायचा, ठेकेदार बदलला तर हक्क काय, हे रोज अर्ध्या कॉलमात, साध्या मराठीत आणि गरज पडली तर हिंदीतही देणारं एक पान या पट्ट्यातल्या एखाद्या दैनिकानं वर्षभर चालवून दाखवावं. सोबत त्या आठवड्यातल्या प्रत्येक कामाच्या अपघाताची नोंद असावी, कंपनीच्या नावासकट.