ख्रिस्ती करुणा आणि तीव्र अपंग अपत्याचे संगोपन : एक चिकित्सा

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात, पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. अपंग अपत्याच्या मातेला गतजन्मीच्या पापाचा बोल लावणाऱ्या समाजात हा नकार मोलाचा ठरतो. मात्र ही कथा दृष्टिलाभाने संपते. जे मूल कधीच बसणार वा बोलणार नाही, त्याच्यासंबंधी ख्रिस्ती करुणा काय सांगते, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर केडगावी मिळते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधील अंधांच्या सदनास, येशूकडून दृष्टी लाभलेल्या बार्तीमयाचे नाव होते; परंतु तेथे शिकविले जाई ते बोटांनी ब्रेल वाचणे. चमत्काराची जागा नित्याच्या सांभाळाने घेतली.

तथापि हा सांभाळ एकट्या आईवर सोपवून तिच्या त्यागाचे गोडवे गाणे म्हणजे करुणा नव्हे. हा भार समाजव्यवस्थेनेही उचलावा लागतो. वाशी येथे नवी मुंबई महानगरपालिकेने २००७ मध्ये अपंगांसाठी शिक्षण-प्रशिक्षण केंद्र सुरू केले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अधिक आधाराची गरज असणाऱ्यांना तो मागण्याची तरतूद केली. धर्मभावना आईचा भार वाटून घेते, तेव्हाच ती करुणा ठरते.