उद्याच्या वर्तमानपत्राची दोन चित्रे

जे तंत्रज्ञान अजून हाती आलेले नाही, ते पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना कसे शिकवावे? एक मार्ग असा, की ते आलेच आहे असे समजून त्याचा नमुना घडवायचा आणि मग त्याची चिकित्सा करायची. या पद्धतीची दोन उदाहरणे तपासण्याजोगी आहेत.

पहिले १९९४ सालचे. अमेरिकेतील नाइट-रिडर या वृत्तपत्रसमूहाच्या बोल्डर येथील प्रयोगशाळेत रॉजर फिडलर यांनी पाटीसारख्या संगणकावरील वर्तमानपत्राची चित्रफीत तयार केली. पानाची मांडणी ओळखीचीच. मात्र बातमी निवडताच ती उलगडते, छायाचित्र हलू लागते. आयपॅड बाजारात आला २०१० साली. म्हणजे यंत्राचा अंदाज अचूक ठरला. परंतु बातमी निवडणारा संपादक आणि पैसा पुरवणारी जाहिरात या चित्रात जागच्या जागीच राहिली. वस्तू बदलली, व्यवहार बदलला नाही.

दुसरे उदाहरण रॉबिन स्लोन व मॅट थॉम्पसन यांच्या २००४ मधील ‘एपिक २०१४’ या लघुपटाचे. त्यात गूगल आणि अॅमेझॉन एक होतात, संगणक बातम्यांतील तथ्ये वेचून प्रत्येकासाठी वेगळी बातमी रचतो, न्यूयॉर्क टाइम्स न्यायालयात हरतो. तपशील बहुतेक चुकले. त्या कंपन्या एक झाल्या नाहीत आणि टाइम्सचे वर्गणीदार २०२३ अखेर १ कोटीच्या वर गेले. तरीही शिकवण्यासाठी हाच नमुना सरस, कारण बातमी कोण निवडतो आणि तिच्यावर हक्क कोणाचा, हे तो विचारतो. डिसेंबर २०२३ मध्ये टाइम्सने ओपनएआय व मायक्रोसॉफ्ट यांच्यावर खटला भरला, तो याच हक्कासाठी.

त्याचा दोष वेगळा आहे. भविष्य जणू घडून गेलेला इतिहास म्हणून सांगितल्याने प्रेक्षक केवळ ऐकत राहतो. वर्गणी भरणाऱ्या वाचकांनी प्रत्यक्षात वेगळा शेवट घडवला, हे विद्यार्थ्यांना कळायला हवे.

म्हणून लघुपट मध्येच थांबवावा. विद्यार्थ्यांच्या गटांनी पुठ्ठ्यावर आपापले उद्याचे पान काढावे. मग वाचक, वार्ताहर, जाहिरातदार आणि जिच्याविषयी बातमी आहे ती व्यक्ती, अशा चौघांच्या भूमिका घेऊन ते तपासावे. चौथ्या भूमिकेला पुरेसा वेळ द्यावा. वरील दोन्ही चित्रांत तिला जवळपास स्थानच नाही.