‘७७७ देऊन बघ’ हा सल्ला पुरावा म्हणून कसा वाचायचा?

लिनक्सवर प्रिंटर अडला की एक सल्ला हमखास मिळतो: ‘सीएचमॉड ७७७ देऊन बघ.’ म्हणजे त्या फाइलचे सगळे हक्क सगळ्यांना देऊन टाक. वाचायचे, लिहायचे, चालवायचे. सुरक्षेच्या दृष्टीने हा सल्ला वाईट, हे सगळेच सांगतात. माझा आक्षेप जरा वेगळा आहे. हा सल्ला पुरावा म्हणून वाईट आहे, आणि तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर तो त्याच अंगाने वाचा.

उदाहरण गावचंच घेते. रेडीत मामेभावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, परीक्षेचे फॉर्म, आधारच्या प्रती, असली कामं. संगणकावर उबुंटू, शेजारी यूएसबीचा प्रिंटर, छपाई आणि स्कॅन दोन्ही करणारा. एक दिवस छपाई थांबली. कप्स, म्हणजे छपाई सांभाळणारी व्यवस्था, तिच्या लॉगमध्ये परवानगी नाकारल्याची ओळ. त्याचा सवाल: “प्रिंटर माझो, आणि माकाच परवानगी नाय?”

मग त्याने कोणाकोणाचं ऐकून स्वतःला ‘एलपी’ गटात घातलं, लॉगआउट करून परत आला, उपकरणाच्या फाइलला ७७७ दिलं, आणि कागद आला. झालं, ‘७७७ने काम होतं’ हे सिद्ध! दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं तर पुन्हा तेच. मग कोणीतरी म्हणालं, कप्सच्या बॅकएंडच्या फाइलींनाही ७७७ दे. त्यानंतर उपकरणाच्या फाइलला ७७७ देऊनही कागद येईना.

इथे जरा थांबूया, कारण यात प्रयोगपद्धतीचे दोन-तीन धडे आहेत. पहिलं, दोन बदल एकापाठोपाठ केले आणि श्रेय शेवटच्याला गेलं. यावेळी ते योगायोगाने बरोबर होतं, पण ते त्याला कळायची सोय नव्हती. एलपी गटात जाण्याचा तर इथे संबंधच नव्हता. छपाईचं काम यूएसबीपर्यंत नेणारा बॅकएंड तुमच्या नावाने चालत नाही, तो सहसा ‘एलपी’ नावाच्या वेगळ्याच वापरकर्त्याच्या नावाने चालतो. तुम्ही कुठल्या गटात आहात याची त्याला फिकीर नाही. दुसरं, उपकरणाची फाइल ही डिस्कवरची साधी फाइल नव्हेच. केबल काढून घातली किंवा मशीन परत सुरू केलं की ती नव्याने तयार होते आणि यूडेव्हचे नियम तिला मालक आणि हक्क देतात. म्हणून कालचं ७७७ आज पुसलं गेलं. तिसरं तर मला फार आवडतं: बॅकएंडची फाइल कोणालाही लिहिता येईल अशी दिसली की कप्स ती असुरक्षित ठरवून चालवायलाच नकार देतं. जास्त परवानगी दिल्यामुळे काम बंद!

खरा दुवा पहिल्या दिवसापासून समोर होता. स्कॅन चालू होतं! केबल तीच, यंत्र तेच, पोर्ट तेच, मग फरक कशात? मागणाऱ्याच्या ओळखीत. स्कॅनर थेट समोर बसलेल्या माणसाच्या नावाने उघडतो, आणि डेस्कटॉपवर लॉगिन केलेल्याला ती परवानगी यूडेव्ह आणि लॉगिनची व्यवस्था मिळून देतात. छपाई ‘एलपी’च्या नावाने. म्हणजे ‘एलपी’लाच दार बंद होतं. याला आपण नियंत्रित तुलना म्हणतो, आणि ती इथे फुकट मिळाली होती. कधीतरी जुन्या ड्रायव्हरसोबत आलेला एक नियम त्या प्रिंटरचे सगळे हक्क रूटपुरते ठेवत होता. तो काढला, बॅकएंडचे मूळ हक्क परत दिले, केबल काढून घातली. तरी कागद येईना, कारण आधीच्या अपयशानंतर प्रिंटरची रांग थांबवलेली होती. ती चालू केल्यावर आला. या शेवटच्या पायरीवर कितीजण बरोबर उत्तर चुकीचं समजून सोडून देत असतील!

आता भावाच्या त्या सवालाकडे. जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर यांचा १९७५चा निबंध संगणक-सुरक्षेत सगळे उद्धृत करतात. त्यात रचनेची आठ तत्त्वं आहेत. ‘कामापुरताच अधिकार’ हे सहावं सगळ्यांना पाठ. आठवं मात्र प्रबंधांत बहुतेक यादीपुरतंच येतं: संरक्षणाची यंत्रणा माणसाच्या मनातल्या चित्राशी जुळली पाहिजे, म्हणजे चुका कमी होतात. प्रिंटरची व्यवस्था सहाव्यात हुशार आणि आठव्यात नापास. छापणारा एक, व्यवस्था बघणारा ‘एलपीअॅडमिन’ गट दुसरा, यंत्राशी बोलणारा ‘एलपी’ तिसरा, ही विभागणी उत्तम. पण ‘परवानगी नाकारली’ एवढंच सांगताना कोणाला नाकारली, हे पडद्यावर कुठेच येत नाही. मालक ते स्वतःवर घेणारच. निबंधाचीही एक मर्यादा यात दिसते. त्याच्यासमोर अनेकांनी वाटून वापरायची मोठी यंत्रं होती. दुकानातला एकटा माणूस मालक, ग्राहक आणि व्यवस्थापक असा तिन्ही असतो, आणि त्याला स्वतःशीच परवानगीचा व्यवहार करावा लागतो.

मग ही विभागणीच उडवावी का? नाही. २०२१मध्ये विंडोजच्या छपाई सेवेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचा दोष निघाला. ती सेवा मशीनवरच्या सर्वोच्च अधिकाराने चालते, त्यामुळे तिच्यातली भोक म्हणजे सगळ्या घराची भोक. त्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने प्रिंटरचे ड्रायव्हर बसवायला प्रशासकाचा अधिकार सक्तीचा केला, आणि तोवर सुरळीत चाललेल्या कितीतरी ऑफिसांत ‘परवानगी नाही’ दिसू लागलं. रेडीतल्या दुकानात तर रोज अनोळखी पेनड्राइव्ह येतात.

वाचायला घेणार असाल तर त्या निबंधाचे तीन भाग आहेत. पहिला भाग संगणकाची साधी ओळख असलेल्याला झेपतो, आठही तत्त्वं त्यातच आहेत. दुसऱ्याला संगणकाच्या अंतर्गत रचनेची माहिती लागते, तो पहिल्या वाचनात सोडला तरी चालेल. जोडीला अॅन अॅडम्स आणि अँजेला सास यांचा पासवर्डवरचा १९९९चा लेख घ्या. तो आठव्या तत्त्वाच्या बाजूने भांडतो, आणि सॉल्टझर-श्रोडरपेक्षा पुष्कळ सोप्या भाषेत.