घाटावरचा शिपाई

‘द मराठा घाट्स’ हे नाव वाचून मराठी वाचक सुखावतो; कविता मात्र सुखावणारी नाही. ॲलन लुईस हा वेल्समधील कोळसाखाणींच्या मुलखातला शिक्षक. साऊथ वेल्स बॉर्डरर्स या पलटणीबरोबर तो १९४२ च्या अखेरीस हिंदुस्थानात उतरला. पुणे परिसरातील लष्करी सराव, फुटबॉल खेळताना मोडलेला जबडा आणि इस्पितळातील दिवस, एवढाच काय तो त्याचा महाराष्ट्र.

तडकलेली जमीन, रुक्ष गवत चघळणाऱ्या शेळ्या, उन्हाने वाकलेले शेतकरी हे सारे त्याने टिपले आहे. पण जळगाव-धुळ्याकडील वाचक येथे हरकत घेईल. आमच्या तापीकाठची काळी उन्हाळ्यात भेगाळते, ती मेली म्हणून नव्हे. वरची माती भेगांत पडून जमीन आपोआप उलथली जाते आणि पहिला पाऊस त्या भेगांतूनच खोल मुरतो. हे कुणब्याला ठाऊक असते, वाटसरूला नसते. ग्रामदेवता आणि पुजारी यांच्याविषयीचा कवीचा तिरस्कारही तसाच वाटसरूचा आहे. आपण ख्रिस्ती आहोत म्हणून त्याला टाळी देण्याचे कारण नाही.

शेवटी मात्र कविता उंची गाठते. रस्त्यावर दोनच माणसे उरतात, एक भिकारी आणि एक शिपाई. शेतकऱ्याला निदान आपली नापीक जमीन तरी आहे. शिपायाला तेवढीही नाही. येथे लुईस ‘साहेब’ राहत नाही.

५ मार्च १९४४ रोजी आराकानात, शत्रूशी गाठ पडण्यापूर्वीच, स्वतःच्याच पिस्तुलाच्या गोळीने तो गेला. वय अवघे २८. लष्करी चौकशीने अपघात ठरविला. अनेक अभ्यासक आत्महत्या मानतात, आणि मग त्याच्या ओळीओळीत मरणाची चाहूल शोधतात. ही रीत मला अन्यायाची वाटते. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाने (परिच्छेद २२८३) आत्मघात करणाऱ्याच्याही तारणाविषयी निराश होऊ नये असे सांगितले आहे. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. समीक्षकाने तिच्याहून कठोर का व्हावे? या कवितेचा विषय कवीचे मरण नाही. दुसऱ्यांचे जगणे तिचा विषय आहे.

कवितासंग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १९४५ मध्ये, रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या प्रस्तावनेसह निघाला. ‘हा! हा! अमंग द ट्रम्पेट्स’ हे नाव ईयोबाच्या ३९ व्या अध्यायातले, रणशिंगाने उसळणाऱ्या युद्धाश्वाच्या वर्णनातले. त्या अश्वाचा या कवितेत मागमूस नाही. शेळ्या मात्र आहेत.